इंग्रजी अर्जावरून हात फिरवताना

पेपर सुटायला पाच मिनिटे राहिली की वर्गावरच्या बाई सांगतात, "एकदा वाचून बघा." मुले पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचतात आणि बहुतेकांना काहीही सापडत नाही. सापडणार कसे? काय लिहायचे होते ते डोक्यात ताजे असते, त्यामुळे डोळे कागदावरून फिरतात आणि वाचले जाते ते मनातले. 'फॉर्म'च्या जागी 'फ्रॉम' पडले असले तरी 'फॉर्म'च दिसते.

मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याचे घोडे आणखी एका ठिकाणी अडते. त्याच्या इंग्रजी वाक्यातल्या पुष्कळशा चुका अज्ञानातून येत नाहीत. मराठीत अगदी शुद्ध असलेली रचना इंग्रजी शब्दांत उतरते, आणि वाचताना ती खटकत नाही, कारण मराठी कानाला ती बरोबरच वाटते. 'नीट लक्ष देऊन वाच' हा सल्ला इथे कुचकामी आहे. लक्ष कशावर द्यायचे ते सांगावे लागते.

म्हणून मजकूर चार-पाच वेळा वाचायचा आणि दर वेळी एकच गोष्ट शोधायची. क्रम मोठ्याकडून लहानाकडे. बहुतेक मुले स्पेलिंगपासून सुरुवात करतात आणि जे वाक्य पुढे काढूनच टाकायचे आहे त्याची शुद्धी करण्यात वेळ घालवतात.

एक नमुना घेऊ. बी.एससी.च्या शेवटच्या वर्षाला असलेली सांगलीची एक मुलगी उन्हाळी इंटर्नशिपसाठी एका संशोधन संस्थेला लिहिते आहे. परिच्छेद मी बेतलेला आहे, पण त्यातली एकही चूक बेतलेली नाही. महाविद्यालयीन अर्जांत त्या दर वर्षी भेटतात. इंग्रजी वाक्ये देवनागरीत दिली आहेत, मोठ्याने वाचा.

"आय ॲम स्टडीइंग केमिस्ट्री सिन्स थ्री इयर्स अँड आय ॲम हॅविंग मच इंटरेस्ट इन लॅब वर्क. लास्ट इयर आय हॅड गॉन टू शुगर फॅक्टरी फॉर ट्रेनिंग, देअर आय गॉट लॉट ऑफ नॉलेज. वर्किंग इन द लॅब, माय कॉन्फिडन्स गॉट इन्क्रीज्ड. अल्दो आय वॉज न्यू, बट द केमिस्ट एक्स्प्लेन्ड मी एव्हरी टेस्ट. ही टोल्ड दॅट आय विल गिव्ह यू अ सर्टिफिकेट. आय डोन्ट नो व्हॉट आर द रूल्स फॉर इंटर्नशिप, काइंडली डू द नीडफुल."

पहिल्या वाचनात व्याकरणाकडे बघायचेच नाही. प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारायचा: हे वाचून समोरच्याला नवीन काय कळले? 'मच इंटरेस्ट'मधून काहीच कळत नाही, अर्ज करणाऱ्या प्रत्येकाला रस असतोच. 'लॉट ऑफ नॉलेज'मधूनही नाही. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत उसाच्या रसाचे ब्रिक्स काढतात, म्हणजे रसात विरघळलेले घन पदार्थ किती टक्के ते बघतात, पोल काढतात, म्हणजे त्यात साखर साधारण किती ते पोलॅरिमीटरवर मोजतात, पीएच बघतात. ही मुलगी गळिताच्या हंगामात तिथे सहा आठवडे उभी राहून हेच करत होती, आणि अर्जात लिहिते 'खूप ज्ञान मिळाले'. शैली सुधारण्याचे नव्वद टक्के काम मला तरी इथेच दिसते. भारदस्त शब्द शोधू नका. काय केले, कशाने केले, किती दिवस केले ते लिहा. 'आय टेस्टेड केन ज्यूस फॉर ब्रिक्स, पोल, अँड पीएच' या वाक्यात एकही अवघड शब्द नाही, आणि वाचणारा रसायनशास्त्रज्ञ तिथे थांबेल.

शेवटच्या 'काइंडली डू द नीडफुल'चेही तसेच. सरकारी पत्रव्यवहारात हे शब्द अजून ठणठणीत आहेत, पण 'नीडफुल' म्हणजे नेमके काय, हे समोरच्याने ओळखायचे. हवे असेल ते मागावे: नियम कळवा, अर्जाची अंतिम तारीख कळवा. भारतीय इंग्रजीबद्दल माझी तक्रार नाही. 'प्रीपोन' हा आपल्याकडचा शब्द ऑक्सफर्डच्या कोशात आहे आणि पुण्यातल्या ऑफिसात तो खुशाल वापरावा. 'रिव्हर्ट' मात्र जपून. आपण 'उत्तर द्या' या अर्थाने लिहितो. बाहेरचा वाचक 'पूर्वस्थितीला जा' असे वाचतो.

दुसरे वाचन फक्त क्रियापदांचे. पेन्सिलने प्रत्येक क्रियापदाखाली रेघ मारायची. सर्वांत जास्त वेळ इथे द्यावा, कारण मराठीचा ठसा सर्वांत खोल क्रियापदांवर उमटतो.

'आय हॅड गॉन टू शुगर फॅक्टरी' घ्या. मराठीत आपण सहज म्हणतो, "मागच्या वर्षी मी कारखान्यात गेले होते." जाऊन आले, ते संपले, एवढेच आपल्या 'होते'ला सांगायचे असते. इंग्रजी 'हॅड गॉन'ला एवढ्यावर उभे राहता येत नाही, त्याला भूतकाळातली दुसरी घटना लागते आणि ही घटना तिच्या आधीची असावी लागते. 'मी स्टँडवर पोहोचले तेव्हा एसटी गेली होती' इथे 'हॅड' हवाच, कारण पोहोचण्याच्या आधी जाणे घडले. म्हणून रेघ मारताना 'हॅड' दिसला की विचारायचे: कशाच्या आधी? उत्तर नसेल तर 'हॅड' काढून साधा भूतकाळ लिहायचा: 'लास्ट इयर आय वेंट'. मराठी मुलांच्या निबंधातले अर्धेअधिक 'हॅड' या एका प्रश्नाने गळून पडतात. 'हॅव'चे उलटे आहे. 'आय हॅव सीन हिम यस्टरडे' चालत नाही. काल, गेल्या वर्षी, २०१९ मध्ये अशी संपलेली वेळ वाक्यात आली की 'हॅव' गेला.

आता पहिले वाक्य. "तीन वर्षांपासून शिकते आहे" यातला आपला 'पासून' दोन्ही कामे करतो, सुरुवातही सांगतो आणि लांबीही. इंग्रजीने ही कामे वाटून दिली आहेत. 'सिन्स'पुढे सुरुवातीचा क्षण येतो: सिन्स जून, सिन्स २०२२. 'फॉर'पुढे कालावधी येतो: फॉर थ्री इयर्स. शिवाय जे मागे सुरू झाले आणि अजून चालू आहे त्याला 'ॲम स्टडीइंग' पुरत नाही, 'हॅव बीन स्टडीइंग' लागते. म्हणजे चार शब्दांच्या अंतरात दोन चुका होत्या, आणि दोन्ही एका 'पासून'मधून आल्या.

'आय ॲम हॅविंग' आपण पहिल्या वाचनातच काढून टाकले, पण ते दुसरीकडे भेटेलच. असणे, माहीत असणे, आवडणे, समजणे या अवस्था आहेत, क्रिया नाहीत. त्यांना 'आयएनजी' सहसा लागत नाही: आय हॅव टू ब्रदर्स, आय नो, आय अंडरस्टँड. 'वुई आर हॅविंग लंच' चालते, कारण तिथे 'हॅव' म्हणजे जेवण्याची क्रिया.

पुढचे क्रियापद जास्त घातकी आहे. 'ही टोल्ड दॅट आय विल गिव्ह यू अ सर्टिफिकेट.' मराठीत "ते म्हणाले की मी तुला प्रमाणपत्र देतो" हे निर्मळ वाक्य आहे. आपला 'की' बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे पुढे ठेवतो, त्यातला 'मी' त्या बोलणाऱ्याचाच राहतो. इंग्रजीत अवतरणचिन्हे काढून 'दॅट' घातला की 'आय' म्हणजे पत्र लिहिणारी आणि 'यू' म्हणजे पत्र वाचणारा. थोडक्यात, ही मुलगी संस्थेच्या प्राध्यापकांनाच प्रमाणपत्र द्यायला निघाली आहे! सर्वनामे लिहिणाऱ्याच्या बाजूने फिरवायची आणि काळ एक पायरी मागे न्यायचा: 'ही सेड दॅट ही वुड गिव्ह मी अ सर्टिफिकेट'. 'टोल्ड' ठेवायचा असेल तर लगेच माणूस हवा, 'टोल्ड मी'. 'सेड'ला माणूस जोडायचा तर 'टू' लागतो. आणि मुळात प्रमाणपत्र मिळाले असेल तर ते काय म्हणाले हे कशाला? ते सोबत जोडले आहे एवढे लिहावे.

क्रियापदांची रेघ मारता मारता कर्त्याशी मेळही बघून घ्यावा. मराठीत 'तिने आंबा खाल्ला, आंबे खाल्ले' असे क्रियापद कर्मामागे जाते; इंग्रजीत ते कर्त्याला सोडत नाही. घोटाळा होतो तो कर्ता आणि क्रियापद यांच्यात दुसरे नाम शिरले की. 'द लिस्ट ऑफ बुक्स' नंतर 'आर' पडतो, कारण कानात 'बुक्स' घुमत असतात. कर्ता 'लिस्ट' आहे, म्हणून 'इज'. तसेच 'वन ऑफ माय फ्रेंड्स इज': मित्र अनेक, त्यातला एक.

तिसऱ्या वाचनात सांधे तपासायचे, म्हणजे वाक्याचे दोन भाग जिथे जोडले आहेत त्या जागा. 'अल्दो... बट' ही आपली 'जरी... तरी' जोडी आहे. मराठीला दोन्ही टोके बांधलेली आवडतात. इंग्रजीत एकच बांधायचे. 'अल्दो' ठेवा किंवा 'बट' ठेवा. 'दो... येट' ही जोडी जुन्या व्याकरणांत, आपल्या रेन-मार्टिनमध्येही, सापडते आणि ती चूक नाही, फक्त जुनाट वाटते. जाता जाता: त्यातले रेन म्हणजे १९२४ ची 'बो जेस्ट' ही गाजलेली साहसकथा लिहिणारे पी. सी. रेन. ते मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरीला होते.

'वर्किंग इन द लॅब, माय कॉन्फिडन्स गॉट इन्क्रीज्ड' हा सांधा ओळखायला अवघड, कारण "प्रयोगशाळेत काम करताना माझा आत्मविश्वास वाढला" यात मराठीच्या दृष्टीने काही खोट नाही. "रस्त्याने जाताना मला कुत्रा चावला" हे ऐकून रस्त्याने कोण जात होते, असे आपल्याकडे कोणी विचारत नाही. 'वॉकिंग डाउन द रोड, अ डॉग बिट मी' असे लिहिले की इंग्रजी वाचकाला रस्त्याने चालणारा कुत्रा दिसतो. तिथे नियम असा की सुरुवातीच्या 'वर्किंग', 'वॉकिंग'चा कर्ता स्वल्पविरामानंतर लगेच यायला हवा. आपल्या अर्जात लॅबमध्ये काम आत्मविश्वास करत होता. 'वर्किंग इन द लॅब, आय...' असे सुरू करावे, किंवा सरळ 'व्हाइल आय वॉज वर्किंग' लिहावे.

'आय डोन्ट नो व्हॉट आर द रूल्स' हाही सांध्याचाच प्रश्न. मराठीत "नियम काय आहेत?" आणि "नियम काय आहेत ते मला माहीत नाही" यांत शब्दांचा क्रम बदलत नाही. इंग्रजीत सरळ प्रश्नात क्रियापद कर्त्याच्या आधी उडी मारते, आणि तोच प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या पोटात गेला की परत आपल्या जागी येते: 'व्हॉट द रूल्स आर'.

चौथे वाचन बारक्या शब्दांचे. आर्टिकल हे मराठी माणसाचे जुने दुखणे, कारण आपल्याकडे ते नाहीतच. नियमांची यादी पाठ करण्यापेक्षा एक चाचणी पुष्कळ काम करते. प्रत्येक एकवचनी नामावर बोट ठेवा आणि ते मोजता येते का बघा. येत असेल तर ते उघडे राहू शकत नाही. पुढे अ, द, माय, धिस यांपैकी काहीतरी हवे. 'टू शुगर फॅक्टरी' उघडे आहे. पहिल्यांदा उल्लेख म्हणून 'अ शुगर फॅक्टरी', पुन्हा आली तर 'द फॅक्टरी'. 'बाय बस', 'ॲट होम' असे अपवाद आहेत, पण ते थोडे आणि वापराने अंगवळणी पडणारे. 'अ' की 'ॲन' हे अक्षर बघून ठरत नाही, उच्चारावरून ठरते: अ युनिव्हर्सिटी, ॲन आवर, ॲन एमएलए. इथे देवनागरीत वाचणाऱ्याला उलट फायदाच आहे.

नाम मोजता येते का, या प्रश्नाचा आणखी एक उपयोग. 'इन्फर्मेशन'ला अनेकवचन नाही, आणि आपल्या 'माहिती'लाही नाही. तरी मुले 'इन्फर्मेशन्स' लिहितात. ही चूक मराठीमुळे होत नाही, 'एस लावला की अनेकवचन' हा नियम जास्तच पक्का बसल्याने होते. 'ॲडव्हाइस'मध्ये मात्र आपले 'सल्ले' आड येतात. फर्निचर, इक्विपमेंट, होमवर्क याच रांगेतले.

शब्दयोगी अव्ययांसाठी अशी युक्ती नाही. "माझ्यावर रागावला" म्हणून 'अँग्री ऑन मी' येते, हवे 'अँग्री विथ मी'. "विषयावर चर्चा" म्हणून 'डिस्कस ऑन', पण 'डिस्कस'ला काहीच लागत नाही. 'एक्स्प्लेन्ड मी' चुकीचे, 'एक्स्प्लेन्ड एव्हरी टेस्ट टू मी' बरोबर. शंका आली की शिकणाऱ्यांसाठी केलेला चांगला कोश उघडावा. तो शब्दाबरोबर त्याच्या पुढचे अव्ययही देतो.

विरामचिन्हे पाचव्या वाचनात, कारण वाक्ये बदलली की तीही बदलतात. मोडी कागदांत शब्द तोडून लिहायचीही पद्धत नव्हती. पूर्णविराम-स्वल्पविराम मराठीत एकोणिसाव्या शतकात इंग्रजीच्या वाटेने आले आणि त्याचे श्रेय मेजर थॉमस कॅंडी यांना देतात. म्हणजे चिन्हे तीच आहेत, शिस्त मात्र वेगळी. मराठीत आपण श्वास घेऊ तिथे स्वल्पविराम टाकतो: "कारखान्यात गेले, तिथे शिकले, परत आले." इंग्रजीत दोन पूर्ण वाक्ये नुसत्या स्वल्पविरामावर जोडणे ही ठळक चूक मानतात. 'फॉर ट्रेनिंग, देअर आय...' ही तीच. उपाय तीन: पूर्णविराम द्या, अर्धविराम द्या, किंवा जोडणारा शब्द घाला. इथे 'देअर'चा 'व्हेअर' केला की काम झाले. तपासायची रीत अशी: स्वल्पविरामावर बोट ठेवून डावी बाजू वाचा, मग उजवी. दोन्ही बाजू आपापल्या पायावर उभ्या राहत असतील आणि मध्ये 'अँड', 'बट', 'सो' असे काही नसेल तर तो स्वल्पविराम बदला.

यादीतल्या शेवटच्या 'अँड'आधी स्वल्पविराम द्यायचा का? ब्रिटिश वळणाने शिकलेले आपण सहसा देत नाही. अमेरिकन पुस्तके देतात. दोन्ही चालते, एकच पद्धत धरून ठेवावी. पण तो न देणे कधी महागात पडते ते अमेरिकेतल्या मेन राज्यात दिसले. जादा कामाचे पैसे कोणाला लागू नाहीत, याची यादी तिथल्या कायद्यात होती: नाशवंत मालाचे डबाबंदीकरण, प्रक्रिया, साठवण वगैरे, आणि शेवटी 'पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्युशन'. 'शिपमेंट'नंतर स्वल्पविराम नव्हता. ओकहर्स्ट डेअरीच्या ड्रायव्हरांनी म्हटले, यात 'वितरण' हे वेगळे काम नाहीच. पाठवणीसाठी किंवा वितरणासाठी केलेले 'पॅकिंग' एवढाच अर्थ होतो. आम्ही पॅकिंग करत नाही, माल पोहोचवतो, तेव्हा आमचे पैसे द्या. २०१७ मध्ये अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला आणि २०१८ मध्ये डेअरीने ५० लाख डॉलरवर तडजोड केली. 'ध'चा 'मा' व्हायला निदान अक्षर तरी बदलावे लागले होते. निकालानंतर मेनच्या विधिमंडळाने त्या यादीत अर्धविराम घालून टाकले. तुमच्या यादीतली पदे लांब असतील किंवा त्यांच्यातच 'ऑर', 'अँड' असेल, तर शेवटचा स्वल्पविराम द्याच.

अपॉस्ट्रॉफीचे थोडक्यात. 'इट्स' दोन आहेत. चिन्ह असलेला म्हणजे 'इट इज' किंवा 'इट हॅज'; बिनचिन्हाचा म्हणजे 'त्याचा'. वाक्यात 'इट इज' उलगडून वाचा. अर्थ लागला तर चिन्ह ठेवा. अनेकवचनाला अपॉस्ट्रॉफी लागत नाही, दुकानांच्या पाट्या काहीही म्हणोत. देवनागरीत मोठी लिपी नसल्याने कॅपिटल अक्षरेही निसटतात: वार, महिने आणि भाषांची नावे कॅपिटलने, पण 'केमिस्ट्री' हा विषय वाक्याच्या मधोमध लहान 'सी'ने.

काही खोट्या नियमांपायी मात्र वेळ घालवू नये. 'वाक्य अँड किंवा बटने सुरू करू नये', 'वाक्याच्या शेवटी प्रिपोझिशन नको' हे दोन्ही वर्गात घोकून घेतले जातात. दुसऱ्याला तर एच. डब्ल्यू. फाउलर यांनी १९२६ च्या आपल्या कोशात अंधश्रद्धेतच काढले आहे.

स्पेलिंग शेवटी, आणि ते संगणकावर सोपवायला हरकत नाही. दोन अटींवर. 'फॉर्म' आणि 'फ्रॉम', 'लूज' आणि 'लॉस्ट'मधला 'लूझ' अशा जोड्यांत दोन्ही शब्द खरे असल्याने साधा स्पेलचेक गप्प बसतो; आणि तांत्रिक शब्द तो आपल्या मनाने बदलू शकतो. उसाच्या रसातल्या 'पोल'चा खांब किंवा मतदान करून टाकायला त्याला वेळ लागत नाही. ग्रामरलीसारखी साधने आर्टिकल आणि स्वल्पविराम बऱ्यापैकी पकडतात. पण प्रमाणपत्र कोणी कोणाला दिले, हे त्यांना माहीत नसते.

एवढे झाल्यावर परिच्छेद असा राहतो:

"आय हॅव बीन स्टडीइंग केमिस्ट्री फॉर थ्री इयर्स. लास्ट इयर आय ट्रेन्ड फॉर सिक्स वीक्स ॲट अ शुगर फॅक्टरी, व्हेअर आय टेस्टेड केन ज्यूस फॉर ब्रिक्स, पोल, अँड पीएच. द केमिस्ट एक्स्प्लेन्ड एव्हरी टेस्ट टू मी, अँड बाय द थर्ड वीक आय वॉज रनिंग देम ऑन माय ओन. आय ॲटॅच द सर्टिफिकेट ही गेव्ह मी. कुड यू प्लीज टेल मी व्हॉट द रूल्स फॉर द इंटर्नशिप आर अँड व्हेन ॲप्लिकेशन्स क्लोज?"

आत्मविश्वास वाढल्याचे वाक्य गेले. तिसऱ्या आठवड्यात ती स्वतः चाचण्या करत होती, हे त्याच्या जागी आले. पाठवण्याआधी हे मोठ्याने वाचावे, शक्य तर छापून आणि एक रात्र मध्ये जाऊ देऊन. जिथे जीभ अडखळेल तिथे वाक्य लांबले आहे असे समजावे.

पत्राच्या तळाशी 'आय लुक फॉरवर्ड टू हिअर फ्रॉम यू' असेल तर तेवढे बघून घ्या. तिथला 'टू' हा शब्दयोगी आहे, म्हणून पुढे 'हिअरिंग' हवे. वर 'डिअर सर' असेल तर खाली 'युअर्स फेथफुली', नावाने संबोधले असेल तर 'युअर्स सिन्सिअरली'. आणि 'युअर्स'मध्ये अपॉस्ट्रॉफी नाही.